ताटासमोरचा मोबाईल आणि बालवाडीतला रिकामा डबा

सिंहगड रस्त्यावर राहणाऱ्या एका आईचं पत्र आहे. मुलगा चार वर्षांचा. अडीच वर्षांचा असताना तापाने आठवडाभर दवाखान्यात होता. हाताला सलाईन, तोंडाला चव नाही, अशा वेळी मोबाईलवर गाणी लावून त्याला चार-चार घास भरवले. ताप उतरला, पण मोबाईल तसाच राहिला. आता कार्टून लागल्याशिवाय तो तोंड उघडत नाही आणि एकेक जेवण तासभर चालतं. आई बँकेत नोकरीला, वडील हिंजवडीहून साडेसातपर्यंत घरी येतात, दुपारी आजी भरवतात. मोबाईल बंद करायचा प्रयत्न तीनदा झाला. शेवटच्या खेपेला तिसऱ्या दिवशी रडून रडून त्याला उलटी झाली आणि आजींनी फोन हातात दिला. ‘पोर उपाशी झोपलं तर मला घास उतरत नाही,’ असं त्या म्हणतात. वडिलांच्या मते स्वभावच हट्टी, थोरल्या काकांवर गेलाय. शेजारच्या काकू म्हणतात, एक चापट द्या, सुतासारखा सरळ येईल. आई लिहितात, ‘बालवाडीत मात्र डबा चाटूनपुसून संपवतो, बाईंची काही तक्रार नाही. म्हणजे तो मला मुद्दाम छळतो का? हा हट्ट मोडायचा कसा? आणि सासूबाईंना समजवायचं कसं?’

ताई, तुमच्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य तुम्ही तक्रार म्हणून लिहिलं आहे. बालवाडीत तो डबा संपवतो. तेच पोट, तेच दात, तोच ‘हट्टी’ स्वभाव. फरक आहे तो जागेचा आणि तिथे काय केलं की काय मिळतं याचा. हट्ट स्वभावातच भिनलेला असता, तर तो दप्तरासोबत बालवाडीतही गेला असता.

माणसाच्या वागण्याचं कारण शोधताना आपण त्याच्या स्वभावाला जास्त वजन देतो आणि तो ज्या परिस्थितीत आहे तिला कमी. ली रॉस या मानसशास्त्रज्ञाने १९७७ साली या चुकीला ‘मूलभूत आरोपण दोष’ म्हटलं. ‘काकांवर गेलाय’ हे त्याचं घरगुती रूप. अशा बोलण्याचा तोटा असा की पुढे करण्यासारखं काही उरत नाही, कारण काका तर बदलता येत नाहीत. परिस्थिती बदलता येते. ‘मुद्दाम छळतो’ यातही तोच दोष आहे. चार वर्षांचं मूल डाव आखून आईला छळत नाही. कुठे काय चालतं हे मात्र ते फार बारकाईने शिकतं, आणि तुमचं मूल ते उत्तम शिकलेलं आहे. जेवणासारखं दुसरं काही त्याला शिकवायचं असेल तेव्हा हीच हुशारी तुमच्या कामी येणार आहे.

तो नेमकं काय शिकला, हे एका संध्याकाळीत पाहू. रात्रीचे सव्वाआठ. वरणभात कालवून वाटीत घेतलेला, चमचा त्याच्या ओठांपाशी. तो मान फिरवतो. ‘नको.’ तुम्ही समजावता. तो कुरकुरतो, मग खुर्चीवरून घसरत जमिनीवर आडवा होतो, आवाज चढतो. आतून आजी, ‘दे गं बाई तो फोन.’ फोन हातात येतो. चार-पाच सेकंदांत घर शांत होतं. डोळे पडद्यावर, तोंड आपोआप उघडतं, घास आत.

त्या क्षणी बक्षीस मिळालं कोणाला? त्याला कार्टून मिळालं, हे सगळ्यांना दिसतं. पण तुम्हालाही बक्षीस मिळालं. कानात घुमणारं रडणं थांबलं. आजींना तर दुहेरी मिळालं, रडणं थांबलं आणि वाटी रिकामी झाली. एडवर्ड थॉर्नडाइकने १८९८ मध्ये मांजरांना पेटीत ठेवून दाखवलं होतं की ज्या कृतीने सुटका होते, ती कृती पुढच्या वेळी लवकर केली जाते. नंतर बी. एफ. स्किनरने याला ‘प्रबलन’ या कल्पनेभोवती नीट बांधलं. हवं ते मिळाल्याने वागणं पक्कं होतं, ते धन प्रबलन. नकोसं काही थांबल्याने वागणं पक्कं होतं, ते ऋण प्रबलन. ऋण प्रबलन म्हणजे शिक्षा, असं पुष्कळ जण समजतात. ते तसं नाही. डोकेदुखी थांबते म्हणून आपण पुन्हा तीच गोळी घेतो, तेव्हा आपल्याला कोणी शिक्षा केलेली नसते. तुमच्या घरी मूल रडून फोन मिळवायला शिकलं आणि मोठी माणसं फोन देऊन शांतता मिळवायला शिकली. अमेरिकेत जेरल्ड पॅटरसन यांनी घराघरांतल्या भांडणांची वर्षानुवर्षं निरीक्षणं करून हेच चक्र मांडलं. यात दोषी कोणीच नसतं. एकमेकांना शिकवणारी माणसं असतात. आणि दवाखान्यात तुम्ही जे केलंत ते त्या आठवड्यापुरतं योग्यच होतं. ते मनाला लावून घेऊ नका.

आता तीनदा प्रयत्न करूनही का जमलं नाही, ते सांगते. तुमच्या पत्राचा खरा पेच इथे आहे, म्हणून जरा सविस्तर.

दिव्याचं बटण दाबलं आणि दिवा लागला नाही, तर आपण दोनदा दाबून सोडून देतो. पण जुनी स्कूटर कधी पाचव्या किकला चालू होते, कधी पंधराव्या. तिला आपण घाम येईपर्यंत किका मारत राहतो, कारण पुढच्या किकला होईल ही आशा असते. बक्षीस दरवेळी न मिळता अधूनमधून, बेभरवशाचं मिळालं, तर ती सवय सगळ्यात चिवट होते. सोमवारी फोन नाही, मंगळवारी नाही, बुधवारी उलटीनंतर फोन, या क्रमाने मुलाला ‘फोन मिळत नाही’ असा धडा मिळाला नाही. ‘तीन दिवस आणि उलटीपर्यंत टिकलं की मिळतो’ असा मिळाला. तुम्ही दोन दिवस निग्रहाने काढलेत, आणि त्या दोन दिवसांनी त्याचा दम वाढवला. ऐकायला वाईट वाटेल, पण पुढची तयारी यावरच करायची आहे.

दुसरं म्हणजे, बक्षीस बंद केलं की वागणं लगेच कमी होत नाही. आधी ते उसळतं. लिफ्ट आली नाही तर आपण बटण एकदा दाबून गप्प उभे राहत नाही. चारदा दाबतो, जोरात दाबतो. मूलही तसंच करतं. जास्त रडतं, नवीन काही करून पाहतं, ताट ढकलतं. नेमक्या याच उसळीला घरातल्या मोठ्यांना वाटतं की उपाय उलटला, आणि ते माघार घेतात. खरं तर ती उपाय लागू पडत असल्याची खूण असते.

१९५९ साली कार्ल विल्यम्स यांनी एका मुलाची हकिकत छापली होती. तुमच्याकडच्या गोष्टीशी ती फार जुळते. मूल २१ महिन्यांचं. आयुष्याचे पहिले दीड वर्ष बरंचसं आजारपणात गेलेलं, म्हणून सतत कोणीतरी जवळ. बरं झाल्यावरही झोपवताना मोठं माणूस खोलीबाहेर गेलं की आकांत. डॉक्टरांकडून प्रकृती ठीक असल्याची खात्री करून घेतल्यावर आई-वडिलांनी ठरवलं, प्रेमाने झोपवायचं, दार लावायचं आणि परत आत जायचं नाही. पहिल्या खेपेला ते ४५ मिनिटं रडलं. दहाव्या खेपेपर्यंत रडणं पूर्ण थांबलं. मग आठवडाभराने एकदा घरातल्या आत्या-मावशीपैकी एकीने त्याला झोपवलं. मूल कुरकुरलं, तिला राहवलं नाही, ती आत जाऊन बसली. एवढ्या एका प्रसंगाने सगळं पुन्हा सुरू झालं आणि पहिल्यापासून करावं लागलं. दुसऱ्यांदाही ते थांबलं आणि पुढची दोन वर्षं परत आलं नाही. माया करणारी एक व्यक्ती आणि एक प्रसंग एवढं पुरतं, हे या हकिकतीतून घ्यायचं. त्यामुळे घरातल्या सगळ्यांचं एकमत होईपर्यंत चौथा प्रयत्न सुरूच करू नका. अर्धवट प्रयत्नापेक्षा आणखी महिनाभर मोबाईल परवडला.

तर आधी तयारी. पाच दिवस काहीही न बदलता फक्त लिहा. कॅलेंडरच्या पानामागे तीन रकाने आखा : आधी काय झालं, त्याने काय केलं, त्यावर आपण काय केलं. शेजारी दिवसभरातलं दूध, बिस्किटं, चिवडा, सगळं. बहुतेक घरांत या कागदावर असं दिसतं की साडेसहाला मोठा पेला दूध आणि चार बिस्किटं पोटात गेलेली असतात आणि आठला जेवण समोर येतं. त्या मुलाला भूकच नसते, आणि भूक नसलेलं मूल भरवायला मोबाईल लागणारच. दिवसाचं दूध ४०० ते ५०० मिलिलिटरवर आणा, पेल्याने मोजून. त्याहून जास्त दूध जेवणाची जागा खातं आणि शरीराला लोह कमी पडण्याचाही धोका वाढतो. लोह कमी झालं की भूक आणखी मंदावते. झोपतानाचं दूध सकाळी द्या. रात्री ते राहिलं तर ‘जेवलो नाही तरी दूध आहेच’ हा नवा मार्ग त्याला सापडतो. रात्रीच्या जेवणाआधी अडीच तास पाण्याशिवाय काही नाही. संध्याकाळी तो तासभर पळायला हवा. पु. ल. देशपांडे उद्यान जवळ पडत असेल तर तिथे, नाहीतर सोसायटीच्या आवारात.

याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांकडे वजन-उंची मोजून घ्या. मूल नीट वाढत असेल तर एखादं रात्रीचं जेवण हुकल्याने त्याला अपाय होत नाही, हे वाक्य सासूबाईंच्या समोर डॉक्टरांच्या तोंडून यावं. वजन घटत असेल, घास गिळताना ठसका लागत असेल, रडणं नसतानाही उलट्या होत असतील, एका ठरावीक पोताचेच दोन-तीन पदार्थ खात असेल, बोलणं उशिरा असेल किंवा हाक मारल्यावर बघत नसेल, तर मी पुढे सांगते ते करू नका. आधी तपासणी. ससूनसारख्या सरकारी रुग्णालयातही बालरोग विभाग आहे. मधुमेहासारखा आजार असलेल्या मुलाला तर जेवण चुकवू द्यायचंच नाही.

आणि तो किती खातो याचा अंदाजही पुन्हा घ्या. पहिल्या वर्षात बाळाचं वजन जन्माच्या साधारण तिप्पट होतं. त्यानंतर वर्षाला जेमतेम २ किलो वाढतं. भूक कमी होणारच. चार वर्षांच्या मुलाला प्रत्येक पदार्थ मोठे तीन-चार चमचे पुरतो : तेवढा भात, तेवढं वरण, किंवा अर्धी पोळी आणि थोडी भाजी. आजी ज्या वाटीने भरवतात ती एकदा मोजून पाहा. कदाचित ती वाटी रिकामी होण्यासाठीच मोबाईल लागत असेल.

सुरुवात कुठून करायची, यात दोन मतं आहेत. काही जण सगळ्या जेवणांचा मोबाईल एकदम बंद करायला सांगतात. काही जण रोज पाच मिनिटं कमी करायला सांगतात. मिनिटं कमी करत जाणं मला पटत नाही. त्यात रोज नवी घासाघीस होते आणि घासाघीस म्हणजे पुन्हा ती स्कूटरची किक. तुमच्यासाठी मी फक्त रात्रीचं जेवण निवडेन. दुपारी आजींकडे फोन चालू राहिला तर सगळं फुकट जाणार नाही का, असं तुम्हाला वाटेल. नाही जाणार. घर आणि बालवाडी यांतला फरक त्याने आपसूक ओळखला, तसा तो दुपार आणि रात्र यांतलाही ओळखेल. मात्र रात्री म्हणजे रात्री कधीच नाही, असं व्हायला हवं. यात आणखी एक फायदा आहे. सासूबाईंना पहिले दहा-बारा दिवस काहीच बदलावं लागत नाही. रात्री जबाबदारी तुमची दोघांची. दुपार नंतर.

दिवस ठरवताना बँकेच्या दुसऱ्या किंवा चौथ्या शनिवारचा उपयोग करा. शुक्रवारी रात्री सुरू करा, शनिवार-रविवार सुट्टी, जमल्यास सोमवारी रजा. उसळीचे दिवस बहुतेक याच चारांत येतात आणि तेव्हा तुमची झोप पुरी झालेली असावी लागते. सणाच्या, प्रवासाच्या किंवा सर्दी-खोकल्याच्या आठवड्यात सुरू करू नका. मुलाला दुपारीच, खेळता खेळता, एका वाक्यात सांगा, ‘आजपासून रात्री जेवताना सगळ्यांचे मोबाईल झोपणार.’ कारणं सांगत बसू नका. सगळ्यांचे म्हणजे वडिलांचाही. जेवणाआधी पंधरा मिनिटं सगळे फोन आवाज बंद करून कपाटात, टीव्ही बंद. समोर दिसणारी वस्तू मागावीशी वाटते, आणि मोठ्यांच्या ताटाशेजारी फोन असेल तर नियम त्याच्या एकट्यावर येतो.

जेवायला सगळे एकत्र बसा. त्याचं वेगळं ताट, थोडं थोडं वाढलेलं, त्यात एक तरी त्याच्या आवडीचा पदार्थ. हाताने त्याचं त्याने खायचं. बालवाडीत तो हेच करतो. एलिन सॅटर या आहारतज्ज्ञांनी जेवणातली कामं फार नेमकी वाटून दिली आहेत : काय, केव्हा आणि कुठे हे मोठ्यांनी ठरवायचं, खायचं की नाही आणि किती हे मुलाने. ताट समोर २५ मिनिटं. या वेळात त्याच्या खाण्याबद्दल एकही शब्द नाही. ‘एक घास, बाबासाठी’, ‘बघ ताई कशी खाते’, काहीच नाही. बोला, पण बालवाडीबद्दल, मांजराबद्दल. त्याने घास घेतला की त्याच्याकडे बघून गप्पा वाढवा. कुरकुर सुरू झाली की तुमची नजर तुमच्या ताटात. लहान मुलाला लक्ष हेच मोठं बक्षीस असतं, मग ते रागावून दिलेलं का असेना. २५ मिनिटांनी, ‘जेवण झालं, हात धुऊया.’ ताट उचलायचं. मागे पळायचं नाही. नंतर पाणी, गोष्ट, झोप. सकाळी नाश्ता थोडा लवकर आणि पोटभर.

‘पाच घास खाल्लेस तर फोन देईन’ असा सौदा सुचेल. तो टाळा. लिअन बर्च आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये दाखवलं की एखादं पेय प्यायल्याबद्दल मुलांना बक्षीस दिलं तर ते पेय त्यांना पुढे कमी आवडतं. अन्न हे फोनपर्यंत पोचायचं भाडं झालं की ते भाड्यासारखंच वाटायला लागतं. फोन घरातून हद्दपार करायचीही गरज नाही. २ ते ४ वर्षांच्या मुलांना दिवसाला १ तासाहून अधिक पडदा नको, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं आहे आणि आपल्याकडच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचंही मत तेच आहे. त्यातला अर्धा तास बागेतून आल्यावर, मोठ्या माणसाच्या शेजारी बसून, ठरलेल्या वेळी द्या. तो जेवण्यावर किंवा न जेवण्यावर अवलंबून नसावा.

उलटी झाली तर? घाबरू नका, रागावूही नका. तोंड पुसा, कपडे बदला, पाण्याचे दोन घोट, मांडीवर घ्या. रडणाऱ्या मुलाला जवळ घेतल्याने काही बिघडत नाही, फोन दिल्याने बिघडतं. आणि एखाद्या दिवशी तुमचीच ताकद संपलेली असेल, आज निभणार नाही हे आठ वाजताच कळत असेल, आणि त्या दिवशी नियम मोडायचाच असेल, तर तो ताट वाढायच्या आधी मोडा, रडण्याआधी. चाळीस मिनिटं रडल्यावर दिलेला फोन सगळ्यात महाग पडतो.

चापटीबद्दल थोडक्यात : मारणारं माणूस समोर असेपर्यंत वागणं दबतं, काय करायचं ते मात्र शिकवलं जात नाही. शिवाय ताट आणि भीती यांची जोडी बसते. काकूंचा हेतू चांगला असेल, सल्ला घेऊ नका.

आता सासूबाई. पहिली गोष्ट, त्यांच्याशी तुम्ही बोलू नका, तुमच्या नवऱ्याने बोलावं. सुनेने सांगितलं की तो आरोप वाटतो, मुलाने सांगितलं की विनंती. आणि ‘आई, तुझ्यामुळे सवय लागली’ इथून सुरुवात करू नये. ‘आई, तो दवाखान्यात होता तेव्हा तू त्याला उभं केलंस. आता रात्रीचं आम्हा दोघांवर सोपव. दहा दिवस बघ, डॉक्टर म्हणालेत अपाय नाही. तुला ऐकवणार नाही तेव्हा तू देवघरात किंवा खाली बागेत जाऊन बस.’ शेवटचं वाक्य महत्त्वाचं. नातवाचं रडणं ऐकून गप्प बसा, हे त्यांना सांगणं फार कठीण मागणं आहे. मधल्या काळात त्यांना उठून जायला जागा द्या. घास उतरत नाही असं त्या म्हणतात ते शब्दशः खरं मानून, त्यांचं जेवण त्या दिवसांत साडेसातला आटपून घ्या.

दहा-बारा दिवसांनी रात्रीचं बसलं की दुपारचं त्यांच्याच हाती सोपवा. काय शिजवायचं ते त्यांनी ठरवावं, नातवासोबत त्यांनीही तेव्हाच जेवावं, आणि शेवटचे दोन घास चिऊ-काऊचे म्हणून भरवावेत. चिऊ-काऊ ही करमणूकच आहे, हे खरं. पण तिथे मूल घासाकडे आणि आजीच्या तोंडाकडे बघतं, पोट भरल्याचं त्याला कळतं. पडद्यासमोर तेच कळत नाही. मानसशास्त्रात डेव्हिड प्रिमॅक यांच्या नावाचं एक तत्त्व आहे, कमी आवडीचं काम आधी, जास्त आवडीचं नंतर, आणि अभ्यासक त्याला प्रेमाने ‘आजीचा नियम’ म्हणतात. दात घासले की गोष्ट, खेळणी उचलली की बाग, असा तो जेवण सोडून सगळीकडे सासूबाईंना वापरू द्या. त्या तुमच्याहून चांगला वापरतील.

रडण्याची मिनिटं रोज त्याच कागदावर लिहा. चौथ्या-पाचव्या दिवशी आकडे उतरायला लागतात आणि तुमच्या नवऱ्याला काकांऐवजी ते आकडे दाखवता येतील. तिसऱ्या आठवड्यात अचानक एका रात्री जुनी मागणी परत येईल. बंद पडलेलं वागणं असं मध्येच डोकं वर काढतं, ते फार टिकत नाही, त्या रात्रीही तेच २५ मिनिटांचं जेवण. खरी परीक्षा गावी गेल्यावर, चुलत भावंडांच्या हातात फोन असताना. तिथल्या मंडळींना नवऱ्याने निघायच्या आदल्या दिवशी फोन करून सांगून ठेवावं. पंगतीत पानं वाढलेली असताना नाही.